वहिनीचं पोट आणि माझं

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. बोलायचं म्हटलं की पोटाबद्दल बोलावं लागतं, आणि मला, इंग्रजी शाळेत शिकलेल्या, पाहुण्यांसमोर उठून जावं लागू नये म्हणून कळ सोसणाऱ्या मुलीला, ते जमत नाही. पण गप्प राहायला एवढी लाज पुरेशी आहे का? मलाच वाटत नाही.

गेल्या वर्षी उन्हाळी भुईमूग काढताना घरून नेलेलं पाणी संपलं, तेव्हा मी आणि वहिनी शेतातल्या विहिरीचं पाणी प्यायलो. नंतर दोघींना जुलाब लागले. लोणंदच्या डॉक्टरांनी तपासणी करून जिआर्डिया असं जंतूचं नाव सांगितलं आणि दोघींना सारख्याच गोळ्या दिल्या. जुलाब थांबले. मी सांगलीला, विश्रामबागच्या खोलीवर परतले.

पण पोट पूर्वीसारखं राहिलं नाही. जेवलं की फुगायचं. जिना चढताना पाय गळून जायचे. सांगलीच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, आजार गेलाय, पण आतड्याला सावरायला काही महिने लागतील, तोवर दूध पचणार नाही, बंद. मी बंद केलं. घरी मात्र सांगितलं, मला आता काळी कॉफी आवडते. शिकलेल्या मुलीचं खूळ म्हणून ते खपून गेलं.

वहिनीलाही तेच होत होतं. ती आटपाडीकडची, नवीन सून. दादा सैन्यात, लांब. खुरपताना ती मध्येच पोट धरून बसायची. पुन्हा केलेल्या तपासणीत काही निघालं नाही. चुलती हसून म्हणाली, "सुनंचं पोट खुरपं हातात घेतल्यावरच कसं दुखतंय गं?"

आई दुष्ट नाही. अंगात ताकद यावी म्हणून ती वहिनीला रोज सकाळी म्हशीच्या दुधाचा मोठा पेला द्यायची, समोर उभी राहून संपवायला लावायची. आणि मी? मला तर ठाऊक होतं. सुट्टीत घरी असले की मी ओट्यापाशी उभी राहून बघायचे.

का गप्प होते? माझ्या लग्नाचं बघणं चाललं होतं, बाहेर कळलं असतं तर... असं मी मनाला सांगायचे. खरं म्हणजे ते शब्द चारचौघांत उच्चारायचे नव्हते, बस.

मग दिवाळीत आई सगळ्यांसमोर म्हणाली, "दोघींस्नी एकच दुखणं, गोळ्या बी त्याच. आमची पोरगी लागली की हिंडाय-फिराय. व्हय गं, तुला हाय का काय आता?"

"नाही," मी म्हणाले. "मी ठणठणीत आहे."

सगळ्यांनी वहिनीकडे बघितलं.

संध्याकाळी भांडी घासताना तिनं हळूच विचारलं, "ताई, खरंच काय होत न्हाई तुमास्नी?" तिथं आम्ही दोघीच होतो. तरी मी पुन्हा नाही म्हणाले. ती बराच वेळ तवा घासत राहिली.

"मग माझंच मन खोटं आसंल," म्हणाली.

त्यानंतर तिनं तक्रार केली नाही. घरात सगळे म्हणतात, सुधारली. मी घरी गेले की बघते. ती अर्धी भाकरी परत टोपल्यात ठेवते, आणि कुणी नाही असं वाटलं की भिंतीला टेकून दोन्ही हातांनी पोट दाबून धरते. एकदा मला बघून तिनं पटकन हात काढले, आणि हसली.

तिला मी अजून काहीही सांगितलेलं नाही.