पाठमोरा दुकानदार

क्रांती चौकामागच्या गल्लीतला तो वाद्यांचा दुकानदार, गिऱ्हाईक वाजवायला बसलं की पाठ फिरवून ढोलक्या पुसत बसतो. "कुणी बघाया लागलं की हात लाजतो," म्हणतो. चांगलं-वाईट तोंडानं कधी सांगत नाही. वाजवणं पटलं तर त्याची चप्पल फरशीवर ठेका धरते, नाहीतर गप्प राहते. आमच्या भीमगीतांच्या पार्टीत हे सगळ्यांना ठाऊक आहे.

परवा मी बोंगो घ्यायला गेलो. कंपनीत मशीनमध्ये सापडलेल्या बोटांचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं, पण घरी साध्या टेबलावरसुद्धा वाजवून बघायची छाती झाली नव्हती.

आधी फायबरच्या पडद्यांची चकचकीत जोडी घेतली. आवाज खणखणीत, पण पहिल्याच थापेला बोटांतून कळ गेली. चप्पल गप्पच.

"ती ऱ्हाऊ द्या," तो पाठमोराच म्हणाला. "शेजारची घ्या, बकरीच्या कातड्याची. मऊ हाय. लई जोर नाय लागत."

ती जोडी गुडघ्यांत धरून मी डोळे मिटले. बोटं अडखळली, थांबली, मग हळूहळू आपली वाट चालू लागली. आणि माझ्या ठेक्याखाली आणखी एक ठेका ऐकू आला.

मी डोळे उघडले नाहीत. वाजवतच राहिलो.