आईची चौथी ब आणि माझी गाडी

मी जबलपूर सोडलं त्या दिवशी स्टेशनवर फक्त बाबा आले होते. आईची शाळा होती. मुलगी पहिल्यांदा घर सोडून पुण्याला नोकरीला निघालीय, आणि आई नेहमीसारखी साडीला पिन लावून, माझ्या हातात दशम्यांचा डबा देऊन शाळेत निघून गेली! "माझ्या पोरांचा पिरियड कोण घेईल?" एवढंच म्हणाली. बाबांनी माझी बॅग सीटखाली सरकवली, खाली उतरले आणि तीनतीनदा बजावलं, "पलीकडच्या खिडकीशी बस. आपली गढ्याची वस्ती मागे पडेपर्यंत उठू नको." मी हो हो म्हटलं, आणि गाडी हलताच वरच्या बर्थवर चढून भिंतीकडे तोंड करून पडले. इतका राग आला होता.

जबलपुरातच राहिलात ते आणि माझ्यासारखे पुण्या-बंगळूरला पांगलात ते, तुम्हा सगळ्यांना हे धापा टाकत लिहितेय. परवा जे कळलं ते माझ्या पोटात मावत नाहीये.

आधी आईबद्दल सांगते, कारण तुमच्यातल्या काहींनी तिला फक्त लग्नकार्यात पाहिलंय. गढ्यातल्या शाळेत ती चौथी ब शिकवायची. दुसरा वर्ग दिला तर हेडमास्तरांशी भांडायची. सगळी वस्ती तिला कुमुद दीदी म्हणायची. मीही तिच्याच वर्गात होते, त्यामुळे शाळेत मलाही 'दीदी'च म्हणावं लागायचं, आणि मग घरी जेवताना तोंडातून निघायचं, "दीदी, भाजी!" फॅक्टरीतून दमून आलेले बाबा ताटावर हसून हसून लोळायचे. एखादं पोर दोन दिवस शाळेत दिसलं नाही की संध्याकाळी ही त्याच्या घरी हजर. तिथेच खाटेवर बसून बुडालेला धडा शिकवायची आणि त्यांच्याकडचा चहा पिऊन यायची. माझा दहावीचा निकाल लागला तेव्हाही ती कुणाकडून तरी सतराचा पाढा घोकून घेत होती. आई सगळ्यांची, उरली तर माझी, हे मी लहानपणीच ठरवून टाकलं होतं. स्टेशनवर ते फक्त पक्कं झालं.

पुण्यात वेगळीच गंमत. जबलपुरात आम्ही 'मराठी लोग', इथे मी हिंदीवाली! ऑफिसात 'का'ऐवजी 'काहून' म्हटलं की सगळ्या टेबलांवरून माना वळायच्या. हळूहळू माझी भाषा पुणेरी झाली, फ्लॅट झाला, सोसायटीचा ग्रुप झाला, मुलगी 'मम्मा, चिल' म्हणायला लागली. आईचा विषय निघाला की मी तो किस्सा रंगवून सांगायचे. मुलगी घर सोडून चाललीय आणि आईला गणिताचा पिरियड! सगळे हसायचे, मीही हसायचे, आणि नंतर बराच वेळ कुणाशी बोलू नये असं वाटायचं. वीस वर्षांत तिला एकदाही विचारलं नाही, की तू आली काहून नाहीस? मागच्या वर्षी ती गेली. आता विचारायचं कुणाला?

तर परवा तिचं वर्षश्राद्ध होतं. सकाळी नर्मदेवर ग्वारीघाटाला जाऊन आलो आणि दुपारी तिच्या जुन्या विद्यार्थ्यांनी शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं होतं. भाषणं झाली, त्यात दीदींची पुण्याची मुलगी म्हणून माझीही ओळख करून दिली, मग खोव्याची जलेबी आली. मी एका कोपऱ्यात प्लेट घेऊन उभी, तेवढ्यात भूपेंद्र नावाचा, सराफ्यात कारागीर असलेला तरुण माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, "अरे! आप तो ट्रेनवाली दीदी हो ना?"

"कौनसी ट्रेन?"

"जिसको हम लोग टाटा करने गए थे! पूरी चौथी ब!"

माझ्या हातातली जलेबी तशीच राहिली. शेजारी त्याच्या वर्गातली सुनीता होती, आता जबलपुरातल्याच एका दवाखान्यात नर्स आहे. ती तर टाळ्याच पिटायला लागली. मग दोघं एकमेकांचं वाक्य तोडत सांगू लागले. त्या दिवशी दीदींनी हेडमास्तरांना सांगितलं, की मालगाडीचे डबे मोजून गुणाकार शिकवते. आणि चाळीस पोरांची रांग करून शाळेमागच्या गल्लीतून रेल्वेलाईनच्या कुंपणाशी नेली. कधीही पिरियड न बुडवणारी माझी आई! आधी मालगाडी आली. पोरांनी तिलाच हात हलवले, आणि तो गार्ड बिचारा गोंधळून हात हलवत गेला. मग एक पॅसेंजर आली, तिलाही टाटा. तिसरी माझी.

"दीदी चिल्लाईं, यही है, यही है!" सुनीता म्हणाली. "इतना ज़ोर से हाथ हिलाया कि चश्मा ही गिर गया। हमने पूछा, दीदी, दिखीं क्या? बोलीं, हाँ, दिखी! खिड़की में ही तो बैठी थी।"

"फिर उसी मालगाड़ी का सवाल दिया," भूपेंद्र म्हणाला. "अट्ठावन डिब्बे।"

"छप्पन!"

वीस वर्षांनंतर ते दोघं डब्यांवरून भांडायला लागले आणि मी खुर्चीवर बसून रडत होते की हसत होते, मलाच कळेना. खिडकीत मी नव्हतेच, हे त्यांना सांगायचा धीर झाला नाही.

रिक्षा करून सुसाट घरी आले. बाबा अंगणात पेपर वाचत होते. "बाबा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं ना. नाहीतर खिडकीशी बस, खिडकीशी बस, काहून ओरडून राहिलो होतो मी?"

"मग ती स्टेशनवर काहून नाही आली?"

"आली असती तर तुला जाऊ दिलं असतं का तिनं? तिला स्वतःचाच भरवसा नव्हता."

"आणि नंतर कुणीच सांगितलं नाही मला?"

"तूच फोनवर म्हणाली ना, काही दिसलं नाही म्हणून. मग तीच म्हणे, आता सांगू नका. पोरगी तिकडे एकटी, उगाच हळहळत बसंल."

तो फोन! पुण्यात उतरल्यावर बूथवरून केला होता. पोचलीस का, हे तिनं विचारलंच नव्हतं. पहिलंच वाक्य, "गाडीतून काही दिसलं का गं?" मी तुटकपणे म्हटलं, "काय दिसणार? काही नाही." ती म्हणाली, "अच्छा. चलो, जेवून घे."

इतकी वर्षं मला वाटत होतं, की घर मला निरोप द्यायलासुद्धा आलं नाही. आणि घर तर अख्खा वर्ग घेऊन रुळांकाठी उभं होतं! पाठ मी फिरवली होती. वाईट वाटतंय, फार वाटतंय. पण खरं सांगू, त्याहून जास्त नाचावंसं वाटतंय. सोसायटीच्या लिफ्टमध्ये अनोळखी माणसांना थांबवून सांगावंसं वाटतंय, की माझी आई आली होती.

आई, परत एकदा विचार ना. दिसलं गं. चाळीस पोरं हात हलवून राहिली होती, आणि मधोमध तू, चष्म्याशिवाय.