शिकारीत बंद ठेवायचं यंत्र

डेल्बर्ट बारा वर्षं बर्फाळ किनाऱ्यावरच्या गावाबाहेरचं, विद्यापीठाचं आवाजाचं यंत्र सांभाळत होता. यंत्र आकाशाकडे तोंड करून चिवचिवायचं आणि वरून परतणारा आवाज टिपायचं. थंड हवेवर उबदार थर कुठे बसलाय, ते कागदावर काळ्या रेघेत उमटायचं. यंत्राच्या भोंग्यातलं हिम झाडायचं काम डेल्बर्टचं.

वसंतात देवमाशांची शिकार सुरू झाली की यंत्र बंद. देवमाशाला सगळं ऐकू येतं. विद्यापीठाच्या हॅलोरनने तसा शब्द दिला होता. शिकारीच्या होडीचे मुख्य म्हणजे डेल्बर्टचे ईनॉकमामा; त्यांच्यापुढे हमी डेल्बर्टची.

"तुझी चिमणी ओरडली तर होडीत तुझ्या जागी कुत्रं बसवीन," मामा म्हणाले होते.

"कुत्रं वल्हं मारेल का, मामा?"

"तुझ्यापेक्षा बरं मारेल."

यंदा डेल्बर्ट शिकारीसाठी समुद्रावरच्या बर्फावर गेला आणि यंत्राची खोली माझ्यावर, त्याच्या मदतनिसावर, सोपवली. सोमवारी हॅलोरनचा फोन आला. "डेल्बर्टशी बोललोय. तासभर चालू कर."

मी चालू केलं.

त्या दिवशी थर अगदी खाली होता. अशा दिवशी आवाज वर सुटत नाही. वाकून बर्फावरून दूर जातो. मामांनी भाला उचलला होता. आवाज पोचताच देवमासा बुडाला, तो वर आलाच नाही.

डेल्बर्ट दारात उभा राहिला.

"कोणी चालू केलं?"

"मी. तू हो म्हणालास, असं हॅलोरन..."

"बर्फावर बोलायचा रेडिओ होता माझ्याकडे. मला विचारायचंस."

त्याने फोन लावला. हॅलोरनचा आवाज मलाही ऐकू येत होता. "अरे, असा थर वर्षातून एकदा मिळतो!"

"त्याच थराखाली बसलो होतो आम्ही," डेल्बर्ट म्हणाला.

"मामांना वाटेल कुणाची तरी बर्फगाडी होती," मी म्हणालो. "सांगूच नकोस."

त्याने फोन ठेवला. मग त्या तासाचा कागद फाडून घेतला आणि बर्फावर परत गेला. मामांच्या हातात दिला म्हणे. डेल्बर्टने आपलं वल्हं होडीतून स्वतःच काढून ठेवलं.

शनिवारी मामांच्या होडीने देवमासा मारला. मांसाच्या वाटणीला सगळं गाव बर्फावर गेलं. डेल्बर्ट गेला नाही. त्याच्या घरचा वाटा मी नेला. हाक मारली.

"दाराशी ठेव," तो आतून म्हणाला.