पाचोडची शेवटची बस

आमच्या पुंडलिकनगरात सत्तार सरांच्या घरी रोज दुपारी अमेरिका मराठीत बोलायची. सर जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. जुन्या काळ्या-पांढऱ्या अमेरिकन सिनेमांचा आणि टीव्हीवरच्या कोर्टकचेरीच्या मालिकांचा त्यांना भारी नाद. रझियाभाभींची नजर काचबिंदूने गेली, तेव्हापासून सर त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून एकेक वाक्य मराठीत सांगू लागले. मी भिंतीपलीकडची शेजारीण. चहाच्या निमित्ताने मीही जाऊन बसायची, म्हणून माझ्यासमोर दोघं मराठीतच बोलत.

हॅटवाला वकील टेबलावर मूठ आपटून गरजला, की सर शांतपणे सांगत, "तो म्हणतो, ही बाई लई खोटं बोलती." न्यायाधीशाने फाशी सुनावली, की म्हणत, "हर्सूलच्या जेलात धाडला. नीट वागला तर सुटंल." आणि कुणी गोळी लागून कोसळला, की भाभी विचारत, "काय झालं ओ?"

"काय नाय. पाचोडला गेला."

"असा अचानक?"

"शेवटची बस होती."

पाचोड हे सरांचं गाव. वर्षभरात निम्मं न्यूयॉर्क तिथं राहायला गेलं असेल. दारुडे म्हातारे, प्रेमात फसलेल्या बायका, एक खुनी डॉक्टर. एका वयस्कर पुढाऱ्याला तर सरांनी मुद्दाम बाजाराच्या दिवशी पाठवलं. त्याला माणसांत राहायची सवय होती ना.

मला हे बघवेना. माझी अख्खी नोकरी कोर्टात भाषांतरं करण्यात गेली. शब्द इकडचा तिकडे झाला की माझं डोकं फिरतं. एकदा सर चहा करत होते, तेव्हा मी त्यांना ओट्यापाशी गाठलं.

"सर, तो मेला. छातीत गोळी लागली, मी डोळ्यांनी बघितलं."

"मीबी बघितलं," सर साखर घालत म्हणाले. "ताई, तुमचं भाषांतर कोर्टासाठी. माझं घरासाठी हाय. कुणी मेलं की ही जेवत नाय. ही जेवली नाय की मला घास जात नाय. त्या परक्या माणसापायी आम्ही दोघांनी उपाशी बसावं का?"

साखर जरा कमी घाला, एवढंच मी म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात सर झोपेतच गेले. पाचोडच्या कब्रस्तानात आईवडिलांशेजारी त्यांचं दफन झालं. भाभी रडल्या नाहीत, पण त्यांचं जेवण तुटलं. सोबतीला आलेल्या भाचीने खीर करून पाहिली, मी भाकरी-पिठलं नेलं. दोन घास आणि पाणी, की ताट बाजूला. बाई डोळ्यांदेखत वाळत चालली होती आणि मला खरोखर भीती वाटू लागली.

शेवटी एका दुपारी मी त्यांच्यापुढे ताट ठेवलं, सरांची कोर्टाची मालिका लावली आणि सरांच्या खुर्चीत बसून शब्दाला शब्द भाषांतर करू लागले.

"तुमचे सर असं अडखळत नव्हते," भाभी म्हणाल्या.

तेवढ्यात पडद्यावर गोळी सुटली. चांगला देखणा साक्षीदार जिन्यावरून गडगडत खाली आला आणि त्याच्या बायकोने हंबरडा फोडला.

"काय झालं?" भाभींनी विचारलं.

मी ताटाकडे बघितलं. भाकरीला हातही लागला नव्हता. सगळ्या नोकरीत केलं नव्हतं ते मी केलं.

"काही नाही," मी म्हणाले. "पाचोडला गेला."

भाभी जरा वेळ त्या बाईचं रडणं ऐकत राहिल्या.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "तिथं तुमचे सर एकलेच हायेत. त्यांना इंग्रजी बोलायला कुणी तरी लागतंच."

मग चाचपडत त्यांनी भाकरी मोडली. "हं, पुढं सांगा."