जावयाला दिलेलं चावीचं घड्याळ

मखमलाबादच्या गोटीरामकाकांचं मनगट चांगलं बैलगाडीच्या जुवाएवढं, आणि त्यावर घड्याळ मात्र आठ आण्याच्या नाण्याएवढं. फूलबाजारात त्यांच्याकडं फुलं घ्यायला आलेल्या बायका विचारायच्या, "काका, आज काकूंचं घालून आले का?" काका चिडायचे नाहीत. त्या बाईच्या वाट्यात शेवंती तेवढी कमी पडायची.

जुनी, लहान, पुरुषांची चावीची घड्याळं जमवायचं त्यांना वेड होतं. २००४ साली पोरं वाटीएवढ्या डायली मिरवत होती. काका म्हणायचे, "वेळ बघायला परात कशाला लागते? लहान घड्याळ बाहीखाली गुपचूप राहतं. विचारलं तरच बोलतं." अशी एकतीस होती. रोज सकाळी मुलगी छाया सगळ्यांना चावी द्यायची आणि मगच चहा ठेवायची.

छायाचं लग्न नामपूरच्या दीपकशी ठरलं. जावयाला घड्याळ-अंगठी द्यायची रीत. काकू म्हणाल्या, नवं घ्या. काकांनी सगळ्यात लाडकं, सोनेरी काट्यांचं दिलं. मांडवात कुजबुज झाली, "बायकांचं दिलं की काय!"

महिन्याभरानं व्याह्यांचा फोन आला, "व्याहीबुवा, तुमनं घड्याळ बंद शे!"

काकांचं धाबं दणाणलं. लग्नातलं घड्याळ बंद पडणं म्हणजे अपशकुन, आणि बोल लागणार पोरीला. ऐन लग्नसराईत फुलांचा धंदा टाकून त्यांनी मला शेजारी म्हणून सोबत ओढलं आणि नामपूरची एसटी धरली.

तिथं दीपक वैतागलेला. "मामा, सेलसाठी तीन किराणा दुकानं फिरलो. यात सेल टाकायला जागाच नाही! महिनाभर तर चांगलं चाललं."

काकांनी दोन बोटांत ती इवलीशी चावी धरून फिरवली. टिकटिक सुरू झाली. मग अख्खं घर, सासूबाईंसकट, कान लावायला रांगेत उभं राहिलं. शेजारची म्हातारीही आली. तिला ऐकूच येत नव्हतं, पण तिनंही मान डोलावली.

काकांच्या डोक्यात मात्र किडा वळवळला. परसात छायाला गाठून म्हणाले, "महिनाभर रोज चावी कोण देत होतं?"

"मीच. हे उठायच्या आत."

"मग बंद का केलीस गं?"

"महिना झाला अण्णा. एकदा तरी आलात का?"

काका ओशाळले. हळूच म्हणाले, "घरची तीसच्या तीस तू गेल्यापासून बंद आहेत. माझ्या हातून चावीच दिली जात नाही."

त्यानंतर चावी कशी द्यायची ते त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, तरी दर महिन्याला काकांना व्याह्यांचा फोन यायचा. घड्याळ पुन्हा बंद.