सडकेच्या दगडावरचं नाव

रस्त्याच्या कडेला अक्षरं कोरलेला दगड दिसला की मला गाडी थांबवावीशी वाटते. कुणी विहीर बांधली, कुणी झाडं लावली, सगळं वाचायचं असतं. घरचे म्हणतात, हिला सोबत न्यायचं तर तासभर आधी निघा. म्हणू द्या. ही खोड मला एकाच दगडानं लावली, आईच्या माहेरच्या फाट्यावरच्या.

जळगाव जामोदच्या अलीकडे तिच्या गावाकडे वळलं की तो उभा असायचा. गावानं श्रमदान करून फाट्यापासून गावापर्यंत सडक केली, तिची ती आठवण. खाली राबणाऱ्यांची नावं. नुसती नावं, आडनावं नाहीत. गावात ती कुणाला लागत होती? आई तेव्हा लग्नाच्या वयाची मुलगी. मुरमाची घमेली वाहून म्हणे डोक्यावरचे केस गेले होते. पण दगडावर तिचं ना माहेरचं नाव, ना सासरचं. लहानपणी मी चिडवायचे, "आई, तू थापा मारतेस." ती एका तिसऱ्याच नावावर बोट ठेवायची आणि म्हणायची, "हे काय, मी."

घोळ आजोबांचा. दगड कोरायला घेतला तेव्हा आईचं लग्न ठरलं होतं. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. नवरा ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहितो. ते कोणतं असणार हे सासरहून आधीच कळलं होतं. महिन्याभरात शिळं होणारं नाव दगडावर कशाला, असा विचार करून आजोबांनी मुलीचं पुढचं नाव कोरून घेतलं. आणि ऐन मांडवात सासरच्या एका म्हातारीला आठवलं, की त्या नावाची सून घरात आधीच आहे. एका घरात एका नावाच्या दोघी कशा चालतील? तांदळात वेगळंच नाव उमटलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथे नवरीचा बापच उतावळा निघाला.

यंदा ती सडक रुंद करायला काढली. कामात दगडाला धक्का लागून तो दुभंगला, म्हणून गावानं नवा करायचं ठरवलं. मामेभावाचा मला फोन आला, "सगळ्या नावायचा पत्ता लागला, एका बाईचाच लागून नाही राह्यला. कोन्या घरची, कोनालेच ठाऊक नाही. गाळून टाका म्हनतात लोकं." मी आईला सांगितलं. ती मेथी निवडत होती. अर्धी जुडी तशीच ठेवून ती उठली आणि पातळ बदलायला गेली. स्वतःसाठी तिनं कधी घाई केलेली मी पाहिली नव्हती.

एसटीत आईला तिकीट नाही, मला अर्धं. राजूरचा घाट उतरेपर्यंत मी तिला पढवत होते. आयती संधी आहे, तुझं खरं नाव टाकून घे, माहेरचं. जन्माचं नाव असं पुसून टाकतात म्हणजे काय? माझा आवाज इतका चढला की पुढच्या सीटवरची बाई वळून पाहू लागली. आई खिडकीबाहेर बघत नुसती मान हलवत होती.

मामेभाऊ फाट्यावरच उभा होता. कडुनिंबाखाली नवा दगड आडवा ठेवला होता, त्यावर खडूनं नावं लिहिलेली, शेजारी कोरणारा छिन्नी घेऊन बसलेला. फुटका दगड झाडाला टेकवून ठेवला होता. सगळं ऐकल्यावर मामेभाऊ कपाळावर हात मारून हसला. "आत्याबाई, ह्या तुमीच, हे आमाले कोठं ठाऊक! आता सांगा, कोन्तं नाव टाकू? माहेरचं का सासरचं?"

आईनं फुटक्या दगडावरून हात फिरवला. "हाये तेच राहू दे."

"आई, हे तं तुहं नावच नाही!" मी ओरडलेच. "लोकायले समजन कसं?"

"मले समजते ना," ती म्हणाली. "माहेरच्या नावानं शेणगोठा केला, सासरच्या नावानं रांधलं-वाढलं. ह्या नावानं मले कोनी हाकच मारली नाही. ना काम सांगतलं, ना कोनी रागावलं. ह्या नावानं म्या फक्त सडक केली."

मामेभावानं खडू उचलून ते नाव लिहिलं, आणि कोरणारा कामाला लागला.

मला बरं वाटायला हवं होतं. पण डोळे भरून आले, आणि ते काही आनंदानं नाही. त्या नावाच्या बाईचं लग्न झालं नव्हतं, तिला मूलबाळ नव्हतं. आईनं स्वतःसाठी जी जागा निवडली तिथे मी कुठेच नव्हते. या वयात असं वाटावं याची लाज वाटली, तरी वाटलं.

आईपासून माझं काही लपत नाही. तिनं माझा दंड धरून मला जवळ ओढलं.

"येडी हायेस का वं? तुह्या वेळेस पावसापान्यात अडली होती मी. माह्या बापानं बैलगाडीत टाकून ह्याच सडकेनं जळगावच्या दवाखान्यात नेलं. सडक नसती, तं दोघी मायलेकी तिथंच चिखलात राह्यलो असतो."