साखरबाईंची स्वतःची तपासणी

माझ्या मावशीला तिच्या इस्पितळातल्या गरोदर बायका 'साखरबाई' म्हणायच्या. तोंडावर नव्हे अर्थात; तोंडावर 'डॉक्टर मॅडम'. कारण मावशी त्यांना उपाशीपोटी बोलवायची, पेलाभर गोडमिट्ट पाणी प्यायला लावायची आणि मग थोड्या थोड्या वेळाने रक्त काढत राहायची. बाई बोलते गोड, पाजते गोड, पण सुई काही सोडत नाही, अशी तिची ख्याती.

तिचं संशोधन गरोदरपणातल्या साखरेवरचं. समजावून सांगायची भारी हौस. मी शाळेत असताना जेवता जेवता ती मला म्हणाली होती, "वार म्हणजे पोटात बाळाला पोसते ना, ती बाळाचा वकील गं. ती आईच्या रक्तात हार्मोन सोडते आणि आईच्या शरीराला बजावते, सगळी साखर तूच संपवू नकोस, बाळालाही ठेव. बहुतेक आया हे निभावून नेतात. काहींची साखर मात्र चढूनच बसते. का, ते मला शोधायचंय."

"शोध खुशाल," काका म्हणाले, "पण माझ्या ताटात नको."

मावशीचा संशय एकाच हार्मोनवर होता. तो वाढला की साखर वाढते, असं तिला सिद्ध करायचं होतं. पण आकडे ऐकेनात. बऱ्याच बायकांच्या रक्तात तो हार्मोन अगदी सज्जनासारखा बसलेला आणि साखर मात्र आभाळाला टेकलेली! मावशीने डोकं खाजवून खाजवून केस विस्कटून घेतले.

अशातच, चाळिशी उलटल्यावर, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, तिला दिवस गेले. घरात आनंदीआनंद. यथावकाश तिच्याही तपासणीची वेळ आली. ते गोड पाणी पिताना तिने असं काही तोंड केलं की प्रयोगशाळेतली सहकारी खुदकन हसली. निकाल आला तेव्हा मात्र कुणीच हसलं नाही. साखर जास्त होती.

"यंत्र बिघडलंय," मावशी म्हणाली.

"मॅडम, हे तर इथे रोज कुणी ना कुणी म्हणतं. तेव्हा तुम्ही काय उत्तर देता, ते सांगू का?"

मावशीने पांढरा कोट काढून खुर्चीवर फेकला आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. शेजारी एक शिवणकाम करणारी बाई पोटावर हात ठेवून बसली होती. तिचं रक्त सकाळी सहकारीने घेतलं होतं, त्यामुळे मावशीला ती ओळखत नव्हती.

"चढली वाटतं साखर?" तिने विचारलं.

"हो ना."

"पहिलीच खेप दिसतेय. अहो, आधी चार दिवस पाव बंद, बटाटा बंद, गोडाकडे बघायचंसुद्धा नाही. साखरबाईला फसवायचं तर एवढं करावं लागतं!"

"मी तेच केलं होतं," मावशी बोलून गेली आणि जीभ चावली. खरंच केलं होतं. भीतीपोटी, कुणाला न सांगता, पाव हळूच बाजूला सारत.

"तरी चढली?" शिवणवाली चकित झाली. "माझंही तेच हो! माझ्या जावेचंही. इथे तर आम्ही सगळ्याच असं करतो."

मावशी ताडकन उठली. चार दिवस गोड-पिठूळ बंद केलं की शरीराची साखर हाताळायची सवय मोडते. मग एकदम पेलाभर साखर ओतली की त्याची त्रेधातिरपीट उडते आणि आकडा फुगतो. हे पुस्तकात होतं. 'तपासणीआधी तीन दिवस नेहमीसारखं जेवा' अशी सूचना तिनेच लिहून त्याच भिंतीवर लावली होती. पण बायकांनी खरंच काय खाल्लं, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

"मीच ती साखरबाई," ती म्हणाली.

"अगं बाई!" शिवणवालीने तोंडावर हात ठेवला. मग तिला हसू आवरेना. "म्हणजे तुम्ही स्वतःलाच फसवायला निघालात?"

मावशीने साखर चढलेल्या सगळ्या बायकांना परत बोलावलं. "खरं सांगा, रागावणार नाही," असं म्हणून पाहिलं; सगळ्या भिंतीवरची सूचना वाचायला लागल्या. मग तिने स्वतःची चोरी सांगितली. त्यासरशी एकेकीचं तोंड उघडलं. नीट जेवून पुन्हा तपासणी झाली आणि कितीतरी जणींची साखर जागेवर आली. त्यांतल्या बऱ्याच त्या सज्जन हार्मोनवाल्याच निघाल्या, त्यामुळे हार्मोनवरचा संशय थोडा बळकट झाला. तिला हवा होता तितका नाही. शोधनिबंधाचा निम्मा भाग तिने खोडून नव्याने लिहिला.

शिवणवालीही सुटली. मावशी मात्र सुटली नाही. नीट जेवूनही तिचा आकडा जास्तच आला. सहकारीने कागद नुसता पुढे धरला. यंत्राबद्दल या वेळी कुणी काही बोललं नाही.

मग मोजकं खाणं आणि जेवणानंतर इस्पितळाच्या लांबलचक व्हरांड्यात फेऱ्या. पहिल्या दिवशी मावशी एकटीच रागारागाने चालत होती. दुसऱ्या दिवशी शिवणवाली आली.

"तुम्हाला कशाला चालायचंय?"

"मला कुठे चालायचंय? बोलायचंय."

हळूहळू बाकावरच्या इतरही बायका मागोमाग चालू लागल्या. ती वरात पाहून वॉर्डबॉय आपली ढकलगाडी भिंतीला लावून वाट द्यायचे.

मावशीला मुलगी झाली, गुटगुटीत आणि ठणठणीत. अशा आईच्या बाळाची साखर लगेच बघतात, म्हणून परिचारिका तिच्या टाचेला टोचायला सुई घेऊन आली. मावशी अंथरुणातून अर्धी उठली.

"अगं, हळू टोच! केवढीशी टाच ती! आणि तुझे हात गार आहेत का बघ आधी!"

काका खिडकीकडे तोंड करून हसत राहिले.